गाडी कुठे जाणार, हे मागची चाकं ठरवतात

(निफाड येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)



आज आम्ही मशीन आणलेलं नाही, पडदाही लावलेला नाही. सुतळीचा एक गुंडा, गवंड्याचा ओळंबा, एक स्टीलची पट्टी आणि हा एक टायर, एवढंच सामान आहे. टायर पुढच्या रांगेपासून मागे पाठवतोय, बघून घ्या. बाहेरून बघितला तर अजून वर्षभर सहज चालेल असं वाटतं. आता आतली कड बघा. हात जपून फिरवा, तार वर आली आहे. एकाच टायरची एक कड नवी आणि दुसरी संपलेली.

हा टायर ज्या गाडीचा, त्या गाडीची गोष्ट आज सांगायची आहे. गाडी आपल्याच तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांची. आम्ही त्यांना नाना म्हणतो, तुम्हीही नानाच म्हणा. गाडी १९९६ सालची मर्सिडीज ई-क्लास, जुन्या बांधणीची, जिला जाणकार डब्ल्यू १२४ म्हणून ओळखतात. नानांनी ती सेकंडहँड घेतली आणि जिवापाड सांभाळली. पण मागचा उजवा टायर काही टिकेना. एक झाला, दुसरा झाला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी अलाइनमेंट करून घेतली, प्रत्येक वेळी कागद मिळाला, कागदावर आकडे हिरवे.

टायरपर्यंत गोष्ट थांबली असती तर नाना आमच्याकडे आलेच नसते. पावसाळ्यात चांदवडजवळच्या राहूड घाटात उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीची शेपूट उजवीकडे सरकली. सोबत घरची माणसं होती. गाडी सावरली, कुणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "ही गाडी विका, नाहीतर भंगारात घाला. मी पुन्हा बसणार नाही." नाना आम्हाला म्हणाले, "गाडी गेली तरी चालेल, पण काय झालं होतं ते कळू दे."

ते कसं कळलं, ते आज सांगतो.

आख सरकलेली बैलगाडी

हंगामात आपल्या रस्त्यांवरून उसाच्या बैलगाड्या जातात. बैलगाडीचा आख एका बाजूने थोडा मागे सरकला तर काय होतं? गाडी तिरकी चालते. गाडीवान बैलांना सारखा एका बाजूला दाबतो, आणि काही दिवसांनी एका बैलाचा खांदा सुजतो. आता औषध खांद्याला लावायचं की आख सरळ करायचा? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं खांद्यालाच औषध लावत आलोय.

त्याला कारणही आहे. आपण ज्या गाड्यांवर शिकलो त्या अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी. त्यांचा मागचा आख म्हणजे एक अखंड नळी, खाली पाटे, वर यू-बोल्ट. दोन्ही चाकं एकाच नळीच्या टोकांना. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले तरच आख हलायचा. त्यामुळे "अलाइनमेंट" म्हटलं की पुढची दोन चाकं, हे डोक्यात पक्कं बसलं. आजही काही ठिकाणी सेन्सर फक्त पुढच्या चाकांना लावतात आणि काम झालं म्हणतात.

नानांच्या गाडीची मागची बाजू तशी नाही. मर्सिडीजने १९८२ मध्ये आपल्या १९० या छोट्या सेडानमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरायची रचना आणली. १९८४ च्या डब्ल्यू १२४ मध्ये तीच कल्पना आली. भारतात कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात, ही गाडी जोडली जाऊ लागली. म्हणजे पाच दांड्यांची मागची बाजू आपल्या महाराष्ट्रात तयार होऊ लागली, त्याला आता बरीच वर्षं झाली.

एका बाजूला पाच दांड्या. त्यातली खालची एक जाड, तिच्यावर स्प्रिंग बसते. बाकी चार बारीक. एक चाकाचा वरचा भाग आत-बाहेर किती झुकेल ते धरते, दोन चाकाला पुढे-मागे सरकू देत नाहीत, आणि पाचवी चाक कुठल्या दिशेला बघेल ते ठरवते. या पाचवीला आपण आज टोची दांडी म्हणू. या दांड्यांच्या टोकांना बहुतेक ठिकाणी रबराचे बुश आहेत. गाडी गादीसारखी चालते ती याच रबरामुळे, आणि म्हातारी होते तीही याच रबरापाशी.

रबर वयाने कडक होतं, तडकतं, लोखंडापासून सुटतं. आपल्याकडे हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं आणि उन्हाळ्यात तोच पारा चाळिशीला टेकतो. त्यात पावसाळ्याचा चिखल. पंचवीस-तीस वर्षांत रबराचं काय होणार? गाडी कुठल्याही कंपनीची असो, दोष वयाचा आहे.

तीन कोन

मोजायच्या आधी तीन शब्द समजून घेऊ.

पहिला, टो. वरून बघितलं तर चाकाचं नाक आत वळलंय की बाहेर. आत असेल तर टो-इन, बाहेर असेल तर टो-आउट. पायाचे अंगठे आत वळवून उभे राहा, ते टो-इन.

दुसरा, कॅम्बर. समोरून किंवा मागून बघितलं तर चाकाचं डोकं आत झुकलंय की बाहेर. डोकं आत असेल तर उणे कॅम्बर.

तिसरा, थ्रस्ट अँगल. मागच्या दोन्ही चाकांची दिशा मिळून गाडीला जिकडे ढकलते ती रेषा आणि गाडीची मधली रेषा, यांच्यातला कोन. हा शून्य किंवा शून्याजवळ हवा. तो शून्य नसेल तर गाडी खेकड्यासारखी थोडी तिरकी चालते. चालवणारा नकळत स्टेअरिंग तेवढंच वळवून धरतो. गाडी सरळ जाते, स्टेअरिंग वाकडं राहतं.

आता थोडा हिशोब. रिमच्या दोन कडांमधलं अंतर साधारण ४० सेंटिमीटर धरा. एवढ्या अंतरात टोचा १ मिलिमीटर म्हणजे सुमारे साडेआठ मिनिटांचा कोन. ६० मिनिटांचा १ अंश. १ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण टायर जिकडे बघतो आणि गाडी जिकडे जाते यात एवढा फरक असेल, तर दर किलोमीटरला तो टायर अडीच मीटर आडवा घासला जातो. निफाडहून नाशिकला जाऊन या आणि घासलेलं अंतर मोजा. म्हणजे कळेल टायर कशाने खाल्ला जातो.

कॅम्बरचं तसं नाही. थोडा उणे कॅम्बर टायर बरीच वर्षं सहन करतो. आतली कड झिजलेली दिसली की लोक लगेच कॅम्बरला दोष देतात. पण कॅम्बर बहुधा भार कुठल्या कडेवर येणार ते ठरवतो, आणि घासायचं काम टो करतो. दोघं एकत्र आले की कड संपते.

आधी हात, मग दोरी

नानांची गाडी आली तेव्हा आम्ही पाना उचलला नाही. आधी विचारलं, डिकीत काय असतं? नाना म्हणाले, "हंगामात कधीकधी द्राक्षांचे क्रेट." एक क्रेट साधारण २० किलो धरला तर आठ क्रेट म्हणजे दोन माणसं कायमची मागे बसलेली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग टायरची हवा, थंड असताना, चारही चाकांची. मागच्या दोन टायरांवरून तळहात आडवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय असं समजा. उजव्याला तसं लागलं, डाव्याला फारसं नाही.

त्यानंतर उंची. सपाट जागेवर, डिकी रिकामी, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. मागची उजवी बाजू डावीपेक्षा १८ मिलिमीटर खाली. या गाडीत मागच्या कॅम्बरसाठी वेगळा अॅडजस्टमेंट बोल्ट नाही, तो उंचीबरोबरच बदलतो. गाडी बसली की चाकाचं डोकं आत जातं. म्हणून उंची न मोजता कॅम्बरबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कॅम्बर ओळंब्याने मोजला. मडगार्डवरून दोरी सोडायची, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्यायचं. ४० सेंटिमीटरमध्ये ७ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. उजवीकडे फरक १४, म्हणजे उणे २ अंश. डावीकडे १०, म्हणजे उणे दीडच्या आत.

मग गाडी उचलली. इथे एक सूचना, विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली घोडी लावायची, गाडी हलवून बघायची, मगच आत. चाक आधी सहा वाजल्यासारखं, म्हणजे वर-खाली धरून हलवलं. काही नाही, बेरिंग ठीक. मग पावणेतीन वाजल्यासारखं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. उजवं चाक हललं. आवाज नाही, खडखड नाही, फक्त मऊ हलणं. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन टोच्या दांडीकडे बघायचं. आतल्या टोकाचं रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं.

खालच्या जाड दांडीला एक प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते काढलं तर आत चिखल. चिखल काढल्यावर स्प्रिंगचं खालचं टोक दिसलं, शेवटचा वेटोळा तुटलेला. बाहेरून कधीच दिसला नसता. १८ मिलिमीटरचं उत्तर तिथे होतं.

आता कुणी म्हणेल, झालं की, सापडलं. पण रबर सुटलंय हे दिसणं वेगळं आणि त्यामुळेच शेपूट सरकली हे दाखवणं वेगळं. त्यासाठी दोरी.

सुतळीचं काम

गाडी खाली घेतली. उचलून खाली ठेवलेली गाडी लगेच मोजायची नाही, चाकं आखडलेली असतात. पाच-सहा मीटर ढकलायची, बंपर दोन-तीनदा दाबायचा, मग मोजायचं.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या उंचीवर, स्टँडला बांधून एकेक दोरी ताणायची. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं, आणि गाडी बरोबर मध्ये. म्हणजे पुढच्या दोन्ही हबपासून आपापल्या दोरीचं अंतर एकमेकांशी सारखं, मागच्यांचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर मात्र एकमेकांशी जुळेलच असं नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी थोडी वेगळी असते. इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे खोटे.

मग रिमची पुढची कड दोरीपासून किती लांब आणि मागची किती, ते मोजायचं. पुढची कड जास्त लांब असेल तर टो-इन. आमचे आकडे असे आले:

डावं चाक: पुढे ६२, मागे ५८. म्हणजे टो-इन ४ मिलिमीटर.
उजवं चाक: पुढे ५९, मागे ६०. म्हणजे टो-आउट १ मिलिमीटर.

आता बेरीज करा. ४ वजा १, एकूण ३ मिलिमीटर टो-इन. कोनात सुमारे २६ मिनिटं. नानांकडचा अलाइनमेंटचा कागद काढला. एकूण टो, हिरवा. कागद खोटं बोलत नव्हता. बेरीज खरोखरच ठीक होती.

पण दोन्ही चाकं कुठे बघत होती? डावं नाक आत, म्हणजे उजवीकडे. उजवं नाक बाहेर, म्हणजे तेही उजवीकडे. दोघंही उजवीकडेच. थ्रस्ट अँगल म्हणजे दोन्हींच्या फरकाचा निम्मा. फरक ५, निम्मा अडीच मिलिमीटर, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.८ मीटर. एवढ्या लांबीत मागची बाजू पावणेदोन सेंटिमीटर उजवीकडून चालत होती. ओल्या टायरांनी कोरड्या सिमेंटवर सरळ नेली तर मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांवर नीट बसत नाहीत, ते डोळ्यांना दिसतं. आम्ही नेऊन दाखवली, नाना बघतच राहिले.

मग स्टेअरिंग सरळ कसं होतं? कारण पुढच्या टाय-रॉडने ते सरळ करून दिलं होतं. म्हणजे बैलाचा खांदा चोळला, आख तसाच.

आणि डावं चाक ४ मिलिमीटर आत का गेलं? टोच्या दांडीच्या आतल्या टोकाला इक्सेंट्रिक बोल्ट असतो. म्हणजे मध्याच्या बाजूला भोक असलेलं चाकासारखं वॉशर; बोल्ट फिरवला की दांडी आत-बाहेर सरकते. उजवा बोल्ट गंजून गच्च झालेला. डाव्यावर ताज्या पान्याच्या खुणा. कुणीतरी उजवा फिरेना म्हणून डावा फिरवला आणि बेरीज हिरवी करून दिली. कुठे झालं ते आम्ही विचारलं नाही. ज्याने केलं त्याने कदाचित मशीन सांगेल तेच केलं. पण मशीनला कुणी विचारलंच नव्हतं की उजवं चाक का फिरत नाही.

ब्रेक दाबल्यावर काय होतं

इथे एक शंका यायला हवी. बेरीज ठीक असेल तर गाडी तिरकी चालेल, पण तिरक्या दिशेच्या मानाने दोन्ही टायर सारखेच घासले जातील. मग उजवाच का संपला?

कारण उभ्या गाडीचा आकडा आणि चालत्या गाडीचा आकडा एक नव्हता. आम्ही गाडी सपाट जागेवर हळू पुढे ढकलली आणि हँडब्रेक ओढून थांबवली. हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो, म्हणजे चाकं मागे खेचली गेली, जशी ब्रेक लावल्यावर जातात. पुन्हा दोऱ्या लावल्या, पुन्हा मोजलं. कंटाळवाणं काम आहे, पण करावं लागतं. उजवं चाक: टो-आउट १ वरून ४ वर गेलं. मग गाडी मागे ढकलून तसंच थांबवलं, आता चाकं पुढे खेचली. उजवं चाक शून्यावर. डावं चाक दोन्ही वेळा १ मिलिमीटरसुद्धा हललं नाही.

उजवं चाक ४ मिलिमीटर हवं तसं फिरत होतं. हळू ढकललेल्या गाडीत एवढं, तर उतारावर जोरात ब्रेक मारल्यावर किती, ते तुम्हीच सांगा. ब्रेक दाबला की उजवं चाक उजवीकडे बघायचं. रस्ता कोरडा असेल तर टायर घासला जायचा, आणि बसलेल्या स्प्रिंगमुळे भार आतल्या कडेवर होताच. रस्ता ओला, टायरची आतली कड गुळगुळीत, उतारामुळे मागचा भार कमी. अशा वेळी शेपूट उजवीकडे गेली. वहिनींना जे जाणवलं ते बरोबर होतं. गाडीत खरंच दोष होता, आणि हिरव्या कागदामुळे तो वर्षभर लपला होता.

दुरुस्तीचा क्रम

आधी मागच्या दोन्ही स्प्रिंग बदलल्या, एक कधीच बदलायची नाही. त्यावरचे रबरी पॅड बदलले. हे पॅड वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, उंची जुळवायला उपयोगी पडतात. टोच्या दांड्या दोन्ही बाजूंच्या, नव्या इक्सेंट्रिक बोल्टसकट. बाकीचे बुश एकेक तपासले, जे तडकले होते तेच बदलले.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. नव्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पक्के आवळायचे नाहीत. हवेत चाक खाली लोंबतं. तिथे आवळलं आणि गाडी खाली आली की रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं आणि गाडीची उंचीही बिघडवतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडीचा भार चाकांवर आणायचा, मग शेवटचं आवळणं. गॅरेजमध्ये खड्डा किंवा रॅम्प असेल तर सोपं जातं.

मग क्रम असा: उंची, मागचा कॅम्बर बघणं, मागचा टो दोन्ही बाजूंना सारखा, थ्रस्ट अँगल शून्याजवळ, आणि त्यानंतर पुढची चाकं, सगळ्यात शेवटी स्टेअरिंग सरळ. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागतं.

शेवटी मोजलं तेव्हा उंचीत फरक उरला नाही, कॅम्बर दोन्हीकडे सव्वा अंशाच्या आसपास. टो डावीकडे दीड मिलिमीटर आत, उजवीकडे दीड मिलिमीटर आत. बेरीज किती? ३ मिलिमीटर. आधीही ३ होती, आताही ३ आहे. कागदावर दोन्ही हिरवे. एका गाडीत वहिनी बसायला तयार नव्हत्या. दुसरीत बसून त्या वणीला गडावर देवीच्या दर्शनाला जाऊन आल्या.

आजच्या बोलण्यातलं हे एक विसरू नका. अलाइनमेंट हा शेवटचा टप्पा आहे, तपासणी नव्हे. ढिलं असलेलं काही मोजून हिरवं करता येतं, पण ते तसं राहत नाही.

दुकानात काय विचारायचं

सुतळी प्रत्येकाला जमेल असं नाही, जमायलाच हवी असंही नाही. दुकानात जा, पण चार गोष्टी सांगून जा. एक, चारही चाकांना सेन्सर किंवा टार्गेट लावा. दोन, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद द्या. तीन, मागच्या प्रत्येक चाकाचा टो वेगळा दाखवा, नुसती बेरीज नको, आणि थ्रस्ट अँगल दाखवा. चार, एखादा बोल्ट फिरत नसेल तर दुसरीकडून भरपाई करू नका, मला सांगा. चौथी गोष्ट हसत सांगा, पण सांगा.

प्रश्नोत्तरं

*एक श्रोते: आमच्या स्विफ्टला मागे अॅडजस्टमेंटच नाही म्हणतात. मग मोजून काय उपयोग?*

दादा, बरोबर आहे, तिथे मागे टॉर्शन बीम असतो, फिरवायला बोल्ट नसतो. पण मोजल्याने बीम वाकलाय की नाही ते कळतं. खड्ड्यात आपटल्यानंतर किंवा मागून धडक बसल्यानंतर नक्की मोजा. आकडा चुकला तर निदान पुढची चाकं वाकडी करून तो लपवला जाणार नाही.

*एक विद्यार्थिनी, आयटीआय: गाडी डावीकडे ओढते, तेव्हा दोष पुढचा की मागचा, हे चालवून कसं ओळखायचं?*

चांगला प्रश्न, ताई. आधी रस्ता बघायचा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणारच. मोकळ्या सपाट जागेवर बघा. स्टेअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला जात असेल तर आधी हवा, मग पुढच्या टायरांची डावी-उजवी अदलाबदल. टायर एका दिशेनेच फिरणारे नसतील तर. ओढणं बाजू बदलून गेलं तर दोष टायरचा. चालवून झाल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा, एक जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय. आणि गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं आहे, असं असेल तर संशय मागच्या बाजूवर घ्या. ब्रेक दाबल्यावरच वागणं बदलत असेल, तर बुश बघितल्याशिवाय पाना उचलू नका.

*एक ज्येष्ठ श्रोते: एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का?*

काका, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या निमित्ताने तरी खालून बघून घ्या. पत्रा गंजला असेल, सबफ्रेम जिथे बसते ती जागा कुजली असेल, तर मोह सोडा. पण ढाचा धड असेल आणि फक्त रबर म्हातारं झालं असेल, तर ते बदलता येतं. नानांचा दुरुस्तीचा खर्च त्यांनी फुकट घालवलेल्या टायरांच्या आसपासच गेला. आणि विकायची असेल तरी दुरुस्त करून विका. घाटात ती चालवणारा कुणीतरी असेलच.

तो टायर परत आला का पुढे? ठेवा इथेच. पुढच्या वेळीही लागेल.